काटा अर्ध्यावरच का अडकतो?

समजा, तुम्ही बंगळुरूमध्ये एक जुनी गाडी विकत घेतली आहे. इंजिन चांगले, ब्रेक चांगले, फक्त पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर. टाकी भरून आणा, काटा अर्ध्यावर. आठवडाभर फिरा, तरी अर्ध्यावरच. आधीच्या मालकाने तुम्हाला फसवले असेलच असे नाही. त्याला त्या काट्याची इतकी सवय झाली असेल की यात सांगण्यासारखे काही आहे हेच तो विसरला. तुम्हीही किलोमीटर मोजून पेट्रोल भरू लागता. मग एका संध्याकाळी सिल्क बोर्डच्या गर्दीत, मागच्या सीटवर आई बसलेली असताना, गाडी बंद पडते. काटा तेव्हाही अर्ध्यावरच असतो.

आपल्या आतही असा एक काटा आहे. आपण बरे वागतो आहोत की नाही, हे तो सांगत असतो. ‘माझे मन मला खात नाही’ असे म्हटले की आपल्याला वाटते, विषय संपला. पण काटाच बिघडला असेल तर? आणि तो बिघडला हे कळणार कसे, पाहणारेही आपणच ना?

आधी गाडीचा काटा कसा दुरुस्त होतो ते पाहू. जे. सी. रोडवरच्या सुट्या भागांच्या दुकानांत जाऊन लगेच नवे मीटर आणण्याची घाई जाणता मेकॅनिक करत नाही. जुन्या, साध्या गाड्यांत तो टाकीकडून येणारी तार सोडवून गाडीच्या पत्र्याला टेकवून पाहतो. काटा टोकापर्यंत धावला, तर मीटर ठीक आहे. दोष खाली, टाकीच्या अंधारात किंवा तिथल्या जोडणीत आहे.

टाकीत एक फ्लोट तरंगत असतो. पेट्रोलबरोबर तो वर-खाली होतो, त्याच्या दांड्यामुळे विजेचा प्रवाह कमी-जास्त होतो आणि त्याप्रमाणे समोरचा काटा हलतो. दांडा अडकला की काटा एकाच जागी थांबतो. फ्लोटला भोक पडले तर त्यात पेट्रोल शिरते, तो बुडतो, आणि टाकी काठोकाठ भरलेली असली तरी काटा ‘रिकामी’ म्हणतो.

इथे थोडे थांबा. फ्लोट पेट्रोलमध्येच राहतो, पण ते स्वतःत शिरू देत नाही, म्हणूनच त्याला मोजता येते. साक्षीभाव याहून वेगळा काय आहे? राग येईल, कौतुकाने सुखही वाटेल. ते आत शिरून आपल्याला बुडवू लागले की आतला काटा खोटे बोलू लागतो. कोणी सगळे असूनही स्वतःला नालायक समजतो. कोणी वर्षानुवर्षे ‘मी शांत आहे’ यावरच अडकलेला असतो, आणि तो घरात शिरला की मुले टीव्हीचा आवाज कमी करतात.

फ्लोट बदलल्यावरही काम संपत नाही. रिकाम्या टाकीत मोजून पाच लिटर घालायचे आणि काटा कुठे येतो ते पाहायचे. म्हणजे बाहेरचे माप लागते. आपल्यासाठी ते माप म्हणजे सत्संग, गुरूंचा शब्द आणि आपल्यासोबत राहणारी माणसे. एखाद्याचे बोलणे चुकीचे असू शकते. पण तिघे वेगवेगळ्या वेळी तेच सांगत असतील, तर टाकी उघडायची वेळ झाली आहे.

मापही योग्य हवे. 23 जुलै 1983 रोजी कॅनडात एका प्रवासी विमानाचे इंधनाचे काटे बंद होते. म्हणून जमिनीवर पट्टी घालून इंधन मोजले गेले. पण हिशेबात किलोच्या जागी पौंड धरले गेले आणि गरजेच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडाले. आकाशात दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत नेऊन गिमली येथे उतरवले आणि सर्व जण वाचले. मोजणारे निष्काळजी नव्हते. त्यांनी पुन्हा पुन्हा मोजले, पण चुकीच्या एककात.

आपणही साधना किती दिवस चुकली नाही हे मोजतो. ते चांगलेच आहे. पण गाडी दामटणाऱ्या रिक्षावाल्याशी, उशिरा आलेल्या कामवाल्या ताईंशी, तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारणाऱ्या वडिलांशी आपण कसे बोललो, हे त्या आकड्यात येत नाही.

म्हणून आज रात्री ध्यानानंतर एक करून पाहा. घरातल्या एका व्यक्तीला विचारा, “या महिन्यात माझ्याशी काही बोलायचे तू टाळलेस का?” उत्तर येईपर्यंत थांबा. ते आल्यावर खुलासा देऊ नका, कारणे सांगू नका. फक्त ऐका, आणि आतला काटा हलतो का ते पाहा.

हलला, तर थोडे दुखेल. पण मागच्या सीटवर बसलेली माणसे तुमच्या भरवशावर प्रवास करत आहेत.