हिंसा कोणाची?

खडवली स्टेशनबाहेर पडघ्याच्या जीप भरत असतात. ‘पडघा, पडघा’ ही हाक इथल्या माणसाला रोजची. 9 डिसेंबर 2023 ला राष्ट्रीय तपास यंत्रणेने पडघा-बोरिवलीत आयसिसच्या संशयावरून छापे घातले आणि बाहेरच्यांसाठी त्या नावाला एकच अर्थ उरला. संशय काहींवर, डाग अख्ख्या गावावर.

ही रीत जुनी आहे, पण मुळातली नाही. 1908 साली मुझफ्फरपूरच्या बाँबनंतर टिळकांनी ‘केसरी’त लिहिले की बाँबचे मूळ सरकारच्या दडपशाहीत आहे. त्या लेखांपायी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मवाळांना हा सूर पटणारा नव्हता, तरी भांडण होते ते हिंसेच्या कारणाचे. 1948 मध्ये ते बदलले. गांधीजींचा खून करणारे मोजके होते, पण पुणे, सातारा, कोल्हापूर भागांत घरे जळाली ती त्यांच्या जातीच्या लोकांची. का मारले, हा प्रश्न मागे पडून मारणारा कोणाचा, हा पुढे आला. तो अजून हटलेला नाही.

आमच्या ठाणे जिल्ह्याने दोन्ही बाजू पाहिल्या. मार्च 2003 मध्ये मुलुंड स्थानकात लोकलमध्ये स्फोट झाला. कल्याणच्या पलीकडे राहणाऱ्यांची रोजची वाट ती. 4 जून 2008 ला ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या वाहनतळात बाँब फुटला. कारण काय, तर ‘आम्ही पाचपुते’ हे नाटक! 2011 मध्ये सनातन या हिंदुत्ववादी संस्थेशी संबंधित दोघांना शिक्षा झाली. त्याच वर्षी राज्यातल्या काँग्रेस आघाडीने सनातन संस्थेवर बंदीचा प्रस्ताव दिल्लीला धाडला. दिल्लीतही सरकार काँग्रेसचेच होते, तरी बंदी आली नाही. त्याआधी, 2010 मध्ये, तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री चिदंबरम यांनी ‘भगवा दहशतवाद’ म्हटले होते. मला ते तेव्हाही चूक वाटले, आजही वाटते. आरोपींना रंग चिकटवला की त्या रंगाचे लाखो निरपराध लोक आपसूक आरोपींमागे उभे राहतात. पडघ्याच्या नावाने बोटे मोडणारे उलट्या दिशेने तेच करतात.

जुलै 2025 मध्ये दहा दिवसांत दोन निकाल लागले. 21 तारखेला 2006 च्या मुंबई लोकल स्फोटांतले बाराही जण उच्च न्यायालयातून सुटले. 31 तारखेला मालेगावच्या 2008 च्या स्फोटातले सातही जण विशेष न्यायालयातून सुटले. पहिल्या ठिकाणी 180 हून अधिक माणसे गेली होती, दुसऱ्या ठिकाणी सहा. दोन्हीकडे तपास कोर्टात टिकला नाही. मग खरे गुन्हेगार कोण, हा प्रश्न दोन्ही निकालांनंतर सारख्याच तिडकीने विचारला जायला हवा होता. प्रत्यक्षात पहिल्या निकालावर सरकार लगोलग सर्वोच्च न्यायालयात गेले, 24 जुलैला त्या निकालाचा दाखला देण्यावर स्थगितीही मिळवली. दुसऱ्याचे सत्ताधाऱ्यांनी स्वागत केले. मालेगावसाठी सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयाचे दार ठोठावले ते मृतांच्या नातेवाइकांनी.