पोपटाचे वाक्य कुणाचे?

कोड एडिटर खासगी सर्व्हरवरच्या एआय मदतनिसाला जोडायला फारसे काही लागत नाही. सर्व्हरचा पत्ता, मॉडेलचे नाव आणि सर्व्हरने मागितली तर एक किल्ली, एवढे एक्स्टेन्शनच्या सेटिंगमध्ये भरले की झाले. मॉडेल चालवणारा ओलामा हा प्रोग्राम आपल्याच संगणकावर चालवला, तर एडिटर पोर्ट ११४३४ वर त्याच्याशी बोलतो आणि काहीही बदलले नाही तर बाहेरच्या कुणाला ते दार दिसत नाही. ७ अब्ज पॅरामीटरचे मॉडेल १६ बिटांत ठेवायचे तर सुमारे १४ जीबी जागा लागते. तेच ४ बिटांत आवळले की साडेतीन-चार जीबीत मावते, म्हणून ते घरच्या यंत्रावरही चालते. टाइप करताना कर्सरच्या आधीचा आणि नंतरचा मजकूर मॉडेलकडे जातो आणि मधली जागा ते भरून देते.

हा खटाटोप लोक मुख्यतः एकाच कारणासाठी करतात: कोड बाहेर जाऊ नये. बँकेची प्रणाली, रुग्णांच्या नोंदी किंवा अजून बाजारात न आलेले उत्पादन यांचा कोड परक्याच्या सर्व्हरवर पाठवणे अनेकांना परवडणारे नसते. आपण लिहिलेले कुठे जाते, या प्रश्नाला खासगी सर्व्हर बऱ्यापैकी पक्के उत्तर देतो. पण उलट दिशेने जे येते ते कुणाचे बोलणे, आणि त्यावर विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा? सर्व्हर आपल्या टेबलाखाली आणून ठेवला तरी हा प्रश्न जागचा हलत नाही. भारतीय तर्कपरंपरेत तो फार जुना आहे, यंत्राविना विचारलेला.

न्यायदर्शनात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे आहेत. शब्द म्हणजे आप्ताचे सांगणे. आप्त याचा अर्थ इथे नातेवाईक नव्हे. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यानुसार ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि ती जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ यांना सारखेच लागू पडते असे भाष्यकार मुद्दाम सांगतो. म्हणजे आप्तपण कुळावर किंवा पदावर ठरत नाही. या कसोटीवर भाषा-मॉडेल दोन्हीकडून नापास होते. त्याने फंक्शन चालवून पाहिलेले नसते, आणि खरे सांगावे अशी इच्छा त्याच्या ठायी आहे असे मानायला आधार नाही. कोडच्या लायब्ररीत अस्तित्वातच नसलेल्या फंक्शनचे नाव ते अस्सल नावाइतक्याच ठामपणे सुचवते. या चुकीला खोटे बोलणेही म्हणता येत नाही, कारण खोटे बोलायला आधी खरे काय ते ठाऊक असावे लागते.

वेदांचे प्रामाण्य मांडणाऱ्या मीमांसकांची वाट वेगळी. वाक्यातले दोष वक्त्याकडून येतात. वेदांना वक्ताच नाही, म्हणून ते निर्दोष, असा त्यांचा युक्तिवाद. मॉडेललाही एक असा वक्ता दाखवता येत नाही, तेव्हा त्याचे वाक्यही अपौरुषेय, म्हणजे कुणीही न रचलेले, म्हणावे की काय, असा मोह पडू शकतो. तो टिकत नाही. मॉडेल असंख्य माणसांच्या लिहिण्यावर शिकलेले असते आणि त्या लिहिण्यातले दोष मिसळून वर येतात. इथे वक्ता नाहीसा झालेला नाही, तो फक्त ओळखू येईनासा झाला आहे.

अशा बोलण्याचे नेमके उदाहरण सापडते ते नव्यन्यायात, म्हणजे न्यायाच्या उत्तरकालीन शाखेत. तिथे वाक्याचा अर्थ कळायला वक्त्याचे तात्पर्य, म्हणजे त्याला काय म्हणायचे आहे, हे कळणे गरजेचे मानले जाते. मग पोपट बोलतो तेव्हा काय? पोपटाला काहीच म्हणायचे नसते, तरी ऐकणाऱ्याला अर्थबोध होतो. विश्वनाथ पंचानन यांच्या नावावर असलेल्या ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त या शुकवाक्याची चर्चा आहे. वस्तुस्थितीशी जुळणाऱ्या शुकवाक्यामागे ईश्वराचे तात्पर्य मानावे, आणि न जुळणाऱ्यामागे पोपटाला शिकवणाऱ्याचे, असा तो निवाडा. पोपटपंची हा शब्द मराठीत टीकेचा असला, तरी नैयायिकांनी पोपटाला नुसते हसण्यावारी नेले नाही. पुढे २०२१ मध्ये भाषा-मॉडेलांना पोपटाची उपमा देणारा एक इंग्रजी शोधनिबंध गाजला. त्या उपमेचा रोख अर्थशून्य बोलण्यावर होता. मुक्तावलीचा प्रश्न अधिक उपयोगाचा वाटतो, कारण तो जबाबदारी कुणाकडे जाते हे विचारतो.

खासगी सर्व्हरच्या बाबतीत मुक्तावलीचे उत्तर थोडे अडचणीचे आहे. सर्व्हरचा मालक पोपट पाळतो, पण शिकवलेला दुसऱ्याने असतो. मॉडेलचे वजनांक, म्हणजे शिकून साठलेले आकडे, उतरवून घेता येतात. मात्र कोणता कोड शिकवताना वापरला, काय वगळले, हे बहुधा पूर्ण उघड नसते. संस्थेने स्वतःच्या कोडवर मॉडेलला पुढे शिकवले, की पाळणारा काही अंशी शिकवणाराही होतो आणि न जुळणाऱ्या वाक्यातला काही वाटा त्याच्याकडे येतो.

वक्त्यावर भिस्त ठेवता येत नसेल, तर ज्ञान पारखायचे कसे? मीमांसक ज्ञानाला स्वतःप्रमाण मानतात: दोष सापडेपर्यंत ते खरे. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून ठरते. ज्ञानानुसार केलेली कृती फळाला आली तर ते ज्ञान खरे. पाणी दिसले, जवळ गेल्यावर तहान भागली, तेव्हा ते मृगजळ नव्हते हे कळले. प्रोग्रामरच्या चाचण्या याच जातीच्या आहेत. त्यांची मर्यादाही उघड आहे: चाचणी जेवढे विचारते तेवढ्याचाच निकाल देते, आणि चाचण्याही त्याच मॉडेलकडून लिहून घेतल्या तर पोपटाच्या साक्षीला पोपटच उभा राहतो.

राहिला कर्त्याचा प्रश्न: असा कोड लिहिणारा कोण? न्यायमतात कर्ता तो, ज्याच्याकडे ज्ञान, करण्याची इच्छा आणि प्रयत्न हे तिन्ही आहेत. पाणिनीने व्याकरणात स्वतंत्र असणाऱ्याला कर्ता आणि क्रियेचे जे सर्वांत उपकारक साधन असते त्याला करण म्हटले. सुचवलेली ओळ वाचून ती स्वीकारायला टॅब दाबणारा माणूस या व्याख्येत सहज बसतो. मॉडेल करण ठरते. न वाचता टॅब दाबणाऱ्याकडे इच्छा असते, प्रयत्नही असतो, ज्ञान नसते. एजंट म्हणून जोडलेले मॉडेल स्वतः फाइली बदलते, कमांड चालवते आणि अपयश आले तर पुन्हा प्रयत्न करते. तिथे माणसाचे स्वातंत्र्य परवानग्या ठरवण्यापुरते, म्हणजे कोणती कमांड न विचारता चालू द्यायची एवढे सांगण्यापुरते उरते. कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिट या प्रणालीत बदलाचा लेखक आणि तो नोंदवणारा अशा दोन वेगळ्या नोंदी असतात. सेटिंग न बदलता एजंटने कमिट केले, म्हणजे बदल नोंदवला, तर त्या दोन्हींत त्या संगणकावर भरून ठेवलेले माणसाचेच नाव पडते.