नदी वाचली, डोंगराचं काय?

नदीतली वाळू उपसू नये, हे आता बहुतेकांना पटलंय. वाळूचा थर पाणी धरून ठेवतो. तो गेला की पात्र खोल जातं आणि काठच्या विहिरी आटू लागतात. 2012 साली दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. तरी रात्रीचे डंपर थांबले नाहीत. मग पर्याय पुढे आला तो कृत्रिम वाळूचा. साइटवर तिला 'क्रश सँड' म्हणतात.

ही वाळू कमअस्सल नाही. भारतीय मानक 383च्या 2016च्या आवृत्तीत तिला रीतसर जागा आहे. नदीचे कण घासून गोल झालेले असतात, हिचे टोकदार. त्यामुळे मिश्रणाचं प्रमाण नव्याने बसवावं लागतं आणि दगडाची भुकटी जास्त राहणार नाही हे पाहावं लागतं. एवढं केलं की काँक्रीट चांगलं होतं.

तांत्रिक प्रश्न इथे सुटतो. नैतिक प्रश्न सुटत नाही, कारण ही वाळू डोंगर फोडूनच मिळते. नदीला उसंत दिली तर पूर थोडी तरी वाळू परत आणतो. दख्खनचा काळा पाषाण मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे; तो परत येणार नाही. शिवाय नदीचं नुकसान काठावरच्या अनेक गावांत वाटलं जातं, खाणीची धूळ आणि सुरुंगांचे हादरे शेजारच्या एका वाडीच्या वाट्याला येतात. अनेकांचं ओझं थोडक्यांवर टाकलं, तर तो न्याय की फक्त सोय?

म्हणून नदीच उपसत राहावी, असं नाही. आज दोन्हींत निवड करायची तर क्रश सँडच बरी, कारण खाणीला हद्द आखता येते, धुळीवर पाणी मारायला लावता येतं, जाब विचारायला मालक सापडतो. वाहत्या नदीत यातलं काहीच सोपं नाही. पण पर्याय मिळाला की 'किती लागतं?' हा प्रश्न आपण विचारेनासे होतो, आणि पर्यायाचा खरा धोका हाच आहे.

ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याच्या घरासाठी फोडलेला दगड आणि गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावलेल्या तिसऱ्या फ्लॅटसाठी फोडलेला दगड वजनाला सारखेच भरतात. नीतीच्या तराजूत ते सारखे नाहीत. त्याच मानकात पाडलेल्या इमारतींच्या राडारोड्यापासून केलेल्या खडी-वाळूलाही मर्यादित जागा आहे. म्हणजे डोंगराला हात लावण्याआधी आपल्याच पाडापाडीकडे पाहता येतं.

घर बघायला गेल्यावर आपण कार्पेट एरिया विचारतो, पार्किंग विचारतो. वाळू कुठली, हेही विचारून बघा. उत्तर 'क्रश सँड' असं आलं, तर पुढचा प्रश्न तयार ठेवा : कुठल्या डोंगराची?