स्वतः आखलेला अभ्यासक्रम आणि जिज्ञासेचा पेच

पदवीचा मुख्य विषय विद्यापीठाच्या यादीतून न निवडता विद्यार्थ्याने स्वतः आखावा, या कल्पनेला अमेरिकेत १९७०च्या आसपास बळ मिळाले. ब्राउन विद्यापीठाने १९६९ साली अभ्यासक्रम मुळापासून बदलला. त्यामागे आयरा मॅगझिनर व इलियट मॅक्सवेल या विद्यार्थ्यांचा अहवाल होता. १९७० साली मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झालेल्या हॅम्पशायर कॉलेजात तर गुणांऐवजी प्राध्यापकांचे लेखी अभिप्राय दिले जात.

या पद्धतीपुढे एक जुना तात्त्विक पेच उभा राहतो. जो विषय अजून शिकलेलाच नाही, त्याची आखणी करायची कशी? प्लेटोच्या ‘मेनो’ संवादात हाच आक्षेप येतो. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्याच सूत्रावर भाष्य करताना शंकराचार्यही तो मांडतात: ब्रह्म ज्ञात असेल तर जिज्ञासा कशाला, आणि अज्ञात असेल तर ती शक्य तरी कशी? त्यांचे उत्तर असे, की आत्मा म्हणून ते प्रत्येकाला सामान्यतः ठाऊक असते. मतभेद असतात ते त्याच्या विशेष स्वरूपाविषयी. ‘मेनो’त सॉक्रेटिस उत्तरासाठी आत्म्याच्या पूर्वस्मृतीचा आधार घेतो. अभ्यासक्रम आखणाऱ्याला मात्र शंकराचार्यांचे उत्तर अधिक उपयोगी पडते. नदीच्या पाणीवाटपाने अस्वस्थ झालेल्या विद्यार्थिनीला प्रश्नाची जाणीव असते. त्यासाठी जलविज्ञान किती लागेल आणि कायदा किती, हे तिला ठाऊक नसते. म्हणूनच ब्राउनमध्ये स्वतःचा विषय आखू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला मार्गदर्शक प्राध्यापक शोधावा लागतो आणि प्रचलित विषय का पुरत नाहीत हे प्रस्तावात पटवून द्यावे लागते. ही अट स्वातंत्र्याच्या आड येत नाही. अर्धवट कळलेल्या प्रश्नाला आकार येतो तो अशा संवादातूनच.

त्याच सूत्रावरचा दुसरा वाद पूर्वतयारीचा, आणि तो अधिक अवघड आहे. ब्रह्मजिज्ञासेआधी कर्माचा, म्हणजे वैदिक विधींचा, विचार झालाच पाहिजे, असे रामानुजाचार्य मानतात. शंकराचार्यांना ती अट मान्य नाही. विवेक, वैराग्य, मनोनिग्रहासारखे शमदमादी गुण आणि मुमुक्षुत्व म्हणजे मोक्षाची ओढ असली की त्यांना पुरते. स्वतःचा विषय आखू देणारी विद्यापीठे शंकराचार्यांच्या बाजूला झुकतात: नेमून दिलेल्या क्रमापेक्षा त्यांना विद्यार्थ्याची ओढ आणि शिस्त महत्त्वाची वाटते. साहित्य, इतिहास, समाजशास्त्र यांच्या सीमेवरच्या प्रश्नांना हे बरेचसे लागू पडते. भौतिकशास्त्रात मात्र कलनशास्त्र टाळून पुढे जाता येत नाही. तिथे रामानुजाचार्यांचा क्रमाचा आग्रहच योग्य ठरतो. कोणत्या प्रश्नाला कोणता क्रम अटळ आहे हे नवख्या विद्यार्थ्याला क्वचितच उमगते, आणि मार्गदर्शकाची खरी गरज तिथेच असते.