परवडणारी खोली कोणाला परवडते?

मराठीतलं ‘परवडणे’ हे क्रियापद दोन्ही बाजूंनी चालतं. भाडेकरू म्हणतो, ‘एवढं भाडं मला परवडत नाही.’ घरमालक म्हणतो, ‘एकटा माणूस ठेवणं आम्हाला परवडत नाही.’ पहिल्या वाक्यात हिशेब पैशाचा आहे. दुसऱ्यात पैशाचा फारसा संबंध नाही. तिथे शेजाऱ्यांचं बोलणं असतं, स्वयंपाकघराचे नियम असतात आणि पुष्कळदा आडनाव असतं. परक्या ठिकाणी शिकवायला जाणाऱ्याला या दोन्ही अर्थांना तोंड द्यावं लागतं. इंग्रजी शिकवायला सोलमध्ये उतरलेल्या परदेशी तरुणाला ते चुकत नाही आणि नेमणुकीचा आदेश खिशात घेऊन गंगाखेडच्या स्टेशनवर उतरलेल्या मास्तरांनाही चुकत नाही. प्रश्न असा, की या शोधाचा भार कोणी उचलायचा? येणाऱ्याने, गावाने, की ज्याने बोलावलं त्याने?

गोदाकाठच्या गंगाखेडला पाहुणे नवे नाहीत. गोदावरीच्या स्नानाला, अस्थिविसर्जनाला, जनाबाईंच्या समाधीच्या दर्शनाला लोक येत असतात. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी याच वाटेने जाते. पालखी आली की शेकडो माणसांच्या जेवणाची आणि पाठ टेकण्याची सोय लागते, आणि भाड्याचा विषयही निघत नाही. त्याच गावात, किंवा तशा कोणत्याही तालुक्याच्या गावात, एका शिक्षकाला खोली हवी असली की चौकशी सुरू होते. कुठले? कोणापैकी? लग्न झालंय का? गावकरी दुटप्पी आहेत असा निष्कर्ष यातून घाईने काढू नये. वारकरी पहाटे पुढे जाणार हे ठाऊक असतं; शिक्षक मात्र राहणार असतो. जाणाऱ्याला दिलेला आसरा म्हणजे पुण्य, आणि राहणाऱ्याला दिलेला आसरा म्हणजे नातं. नात्याची किंमत मोठी असते, म्हणून ते जपून दिलं जातं.

इमान्युएल कान्टने हा भेद 1795 साली, शाश्वत शांततेवरच्या निबंधात केला होता. परक्याला शत्रूसारखं न वागवणं ही दया नव्हे, तो परक्याचा हक्क आहे, असं त्याचं म्हणणं. पण हा हक्क भेट देण्यापुरता. कोणाच्या घरी मुक्कामाला राहायचं तर त्यासाठी वेगळा करार हवा. यजमान नकारही देऊ शकतो, मात्र त्या नकाराने येणाऱ्याचा नाश होता कामा नये. कान्टची ही मांडणी नीटस आहे, पण शिक्षक तिच्यात बसत नाही. तो भेटीला आलेला नाही आणि कायमचा वसायलाही आलेला नाही. त्याला कामासाठी बोलावलेलं आहे. बोलावलेल्या माणसाला नकार देण्याचा अधिकार कोणाकोणाला उरतो?

याचं सर्वांत कठोर उत्तर 1917 सालच्या बडोद्यात मिळतं. न्यूयॉर्क आणि लंडन इथलं शिक्षण घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला तिथे आले. शिष्यवृत्ती संस्थानाची, नोकरी संस्थानाची, पण राहायला जागा कुठेच नव्हती. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढलं. त्यांनी दोन मित्रांना विचारलं. हिंदू मित्राची अडचण अशी की तुम्ही आलात तर घरचे नोकर जातील. ख्रिस्ती मित्राला आधी पत्नीला विचारायचं होतं. दोघांपैकी कोणीही शत्रू नव्हतं. दोघांना ते ‘परवडत’ नव्हतं, इतकंच. बाबासाहेबांनी हा प्रसंग ज्या आत्मकथनपर टिपणात लिहिला त्याचं नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. परदेशात प्रवेश मिळालेल्या माणसाला व्हिसा लागला तो आपल्याच देशात. इथे दोष फक्त त्या जमावाचा धरून भागत नाही. संस्थानाने माणूस बोलावला आणि त्याच्या छपराची जबाबदारी शहराच्या मर्जीवर सोडली. ती मर्जी कशी असते हे संस्थानाला माहीत नव्हतं असं कसं म्हणणार?

दक्षिण कोरियाच्या सरकारी शाळांत इंग्रजी शिकवायला परदेशातून शिक्षक नेण्याची ‘एपिक’ नावाची योजना आहे. तिच्यात शिक्षकाच्या राहण्याची सोय हा कराराचाच भाग असतो. बोलावणाऱ्याने जबाबदारी घेतली, की घरमालकाच्या मर्जीचा प्रश्न बराच मागे पडतो. आपल्याकडे उलट आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने मुख्यालयी राहावं ही अपेक्षा आहे. त्याच्या पुराव्यासाठी ग्रामसभेचा ठराव मागण्यापर्यंत गोष्ट गेली. पण राहावं कुठे, याचं उत्तर त्या अपेक्षेत नाही. प्राथमिक शाळेच्या शिक्षणसेवकाचं मानधन 2023 साली 6,000 वरून 16,000 रुपये झालं. त्यात खोली, खानावळ आणि घरी पाठवायचे पैसे बसवून पाहावेत. मग मास्तर अपडाऊन करतात, आणि त्यांच्या निष्ठेवर चर्चा होते. बिऱ्हाडाचा प्रश्न अशा रीतीने चारित्र्याचा प्रश्न बनतो. हे मला अन्यायाचं वाटतं. जागा नसताना ‘का राहत नाही’ असं विचारणं म्हणजे आपली जबाबदारी दुसऱ्याच्या नीतीच्या खात्यावर टाकणं आहे.

यावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो गंगाखेडच्याच लेकीच्या आयुष्यातून सुचतो. जनाबाई लहानपणीच इथून पंढरपूरला गेल्या आणि दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या, घरी राहिल्या. छप्पर मिळालं ते कायमचं, पण दासी म्हणून. जिथे काम तिथेच घर असलं, की काम सोडणं म्हणजे घर सोडणं होतं. मालकाने दिलेली फुकट खोली ही सर्वांत महाग खोली ठरू शकते. नोकरीबरोबर ज्याचं छप्परही जाणार, तो वरिष्ठांना ‘नाही’ कसं म्हणणार? त्यामुळे ‘बोलावणाऱ्याने खोली द्यावी’ एवढं म्हणून थांबता येत नाही. खोली मिळावी, पण ती सोडता यावी, आणि ती सोडल्यावर दुसरी मिळेल एवढं मानधन असावं.

इथेच साध्या लॉजची नैतिक थोरवी लक्षात येते. दारावर दराची पाटी असते. पैसे द्यायचे, किल्ली घ्यायची. यजमान भावूक नसतो, म्हणूनच त्याच्याकडे उपकाराची भाषा नसते. जिव्हाळा नसणं ही उणीव आहे हे खरं, पण जिव्हाळ्याची पात्रता सिद्ध करावी लागत नाही हा मोठा दिलासाही आहे. अर्थात लॉजही या आदर्शाला पुरं उतरत नाही. परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत कळवावी लागते, म्हणून कटकट नको असं म्हणत छोटी लॉज त्यांना परत पाठवतात. अविवाहित जोडप्यांना आणि काही आडनावांना येणारे अनुभव वेगळे सांगायला नकोत.

मग भार कोणाचा? माझं उत्तर असं. बोलावणाऱ्याने पहिल्या दिवसापासून छप्पर आणि ते बदलता येईल एवढे पैसे द्यावेत. गावाने जिव्हाळा दिला नाही तरी चालेल, पण पैसे देणाऱ्याला नकार देताना कारण सांगावं, आणि ते चारचौघांत सांगता येईल असं असावं. येणाऱ्याने भाडं वेळेवर द्यावं, शेजार सांभाळावा. त्याच्याकडून याहून जास्त मागू नये, विशेषतः नाव बदलायला लावू नये. खोली स्वस्त आहे की महाग, हे त्यानंतर ठरवता येईल.