लळा, दया आणि मातेपासून तोडलेले पिलू

हिंसा म्हणजे केवळ प्राणहरण नव्हे, हे आपल्या पंथात कोणास नव्याने सांगावे लागत नाही. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी जी अहिंसा सांगितली आणि आचरून दाखविली, तिच्या दृष्टीने जीवाला पीडा देणे हाही दोषच होय. मारणारा शस्त्र उचलतो, म्हणून तो ओळखू येतो. परंतु जो हात प्रेमाने उचलून घेतो, छातीशी धरतो, आणि तरीही पीडेला कारण होतो, त्याच्या कृतीला काय म्हणावे? हा प्रश्न वरकरणी लहान वाटेल. कुत्रीचे पिलू तिच्यापासून किती दिवसांनी न्यावे, एवढ्याच गोष्टीतून तो उभा राहतो. पण ज्या घरांत आणि आश्रमांत मुंगी वाचविण्यासाठी पाऊल जपून टाकले जाते, त्यांच्या अंगणातच हा दोष सहज घडून जातो. म्हणून त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

भाद्रपदात माजावर आलेल्या कुत्र्या सुमारे ६३ दिवसांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास वितात. आपल्या परभणी जिल्ह्यात हा थंडीचा काळ. पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. जिंतूरकडचा डोंगराळ मुलूख असो की गंगाखेडकडचा गोदाकाठ, कडब्याच्या गंजीआड, गोठ्याच्या कोपऱ्यात, एखाद्या मठाच्या ओसरीखाली चार-सहा पिले कुशीत घेऊन पडलेली कुत्री दिसते. मग कोणी शेतकरी रानडुकरांपासून पिकाची राखण करण्यासाठी एक पिलू मागतो, कोणी नातवाच्या हट्टासाठी नेतो. ‘लहानपणीच आणले म्हणजे ते आपलेच होऊन राहते, मोठे झाले की माणसाळत नाही’ असा समज खेडोपाडी दृढ आहे. त्यामुळे डोळे नुकते उघडलेले, वीस-पंचवीस दिवसांचे पिलू पिशवीत घालून नेले जाते. कुत्री त्या वाटेने हुंगत फिरते, आणि नेणाऱ्याला आपण एका मुक्या जीवाला घर दिले असे समाधान वाटते. त्या समाधानात लबाडी नसते. म्हणूनच प्रश्न कठीण आहे.

पिलाचे काय जाते ते आधी पाहू. कुत्रीचे पिलू जन्मतः आंधळे आणि बहिरे असते. डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात, कान त्यानंतर थोड्याच दिवसांत. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्याला स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही. आईचे पोट आणि भावंडांचा ढीग हेच त्याचे पांघरूण. मलमूत्र विसर्जनही आईने चाटल्यावाचून आपणहून होत नाही. पहिल्या दिवसाच्या चिकाचे महत्त्व शेतकऱ्याला सांगावयास नको. वासराला चीक मिळाला नाही तर ते जगणे अवघड, हे तो जाणतो. पिलाचेही तसेच आहे. रोगाशी झुंजण्याचे बळ त्याला मुख्यतः त्या चिकातूनच मिळते. पुढचे दूधही साधे नव्हे. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक स्निग्धांश आणि प्रथिने असतात. वाटीभर गाईचे दूध पुढे ठेवून आपण आईची जागा भरून काढली असे मानणारा मनुष्य पुढे पिलू हगवणीने का गळाले म्हणून नवल करतो.

याहून सूक्ष्म हानी शिकवणीची आहे. तिसऱ्या आठवड्यापासून पिले एकमेकांशी झोंबू लागतात, चावतात, केकाटतात. चावा जोराचा झाला की दुसरे पिलू ओरडते आणि खेळ मोडते. आई गुरगुरून दूर ढकलते. दात असूनही तो किती लावावा, हे शिक्षण येथेच होते. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी अनेक वर्षे कुत्र्यांच्या पिढ्या अभ्यासून १९६५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात तिसरा ते बारावा आठवडा हा पिलाच्या स्वभावघडणीचा निर्णायक काळ ठरविला आहे. दक्षिण आफ्रिकेतील स्लॅबर्ट आणि रासा यांच्या १९९३ सालच्या अभ्यासात सहाव्या आठवड्यात आईपासून काढलेली पिले बाराव्या आठवड्यापर्यंत आईजवळ राहिलेल्यांच्या तुलनेत वजनाने खालावली आणि अधिक प्रमाणात आजारी पडली व दगावली. इटलीत २०११ साली १४० प्रौढ कुत्र्यांची तुलना झाली. ३० ते ४० दिवसांत तोडलेली आणि दोन महिन्यांनी नेलेली, असे त्यांचे दोन गट होते. पहिल्या गटात अकारण भुंकणे, भिणे, वस्तूंची नासधूस करणे, अन्नावर झडप घालणे या खोडी अधिक आढळल्या. ज्या कुत्र्याला आपण पुढे ‘खोडकर’, ‘पिसाट’ म्हणून काठीने बडवितो किंवा दूर रानात सोडून येतो, त्याचा स्वभाव कित्येकदा आपणच त्याच्या पहिल्या महिन्यात बिघडविलेला असतो. एका दोषातून दुसरा दोष निघतो तो असा.

आता आपल्या शेजारचीच एक घटना पाहू. पाथरी तालुक्याला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यात लऊळ नावाचे गाव आहे. डिसेंबर २०२१ मध्ये या गावाचे नाव देशोदेशीच्या वृत्तपत्रांत झळकले. वानरे कुत्र्यांची पिले उचलून झाडांच्या शेंड्यांवर आणि उंच घरांवर नेतात, आणि तेथून पडून किंवा उपासमारीने ती मरतात, असे वृत्त होते. मेलेल्या पिलांचे आकडे जो तो आपापल्या मनाने छापीत होता. कुत्र्यांनी वानराचे पिलू मारले म्हणून वानरांनी हा सूड घेतला, अशी कथा लोकांना फार रुचली. वनखात्याने दोन वानरे पकडून नेल्यावर गलबला थांबला. प्राण्यांच्या अभ्यासकांनी मात्र सूडाची कल्पना मान्य केली नाही. उंचावर नेलेल्या पिलाला दूध कोठून मिळणार? त्याच्या मरणाला क्रोधाची आवश्यकताच नव्हती. आईपासून दूर धरून ठेवणे एवढेच पुरेसे होते.

या वृत्तावर आपण माणसे हळहळलो, काही हसलोही. पण पिशवीत पिलू घालून नेणारा आणि कवेत धरून शेंड्यावर चढणारे ते वानर, या दोघांत पिलाच्या बाजूने पाहता भेद किती? मनुष्य वाटीत दूध ठेवतो, एवढा भेद आहे खरा. वानराला विवेक नाही म्हणून त्याला दोष लागत नाही. आपल्याला तो आहे, हा दुसरा भेद. आणि तो आपल्या बाजूचा नाही.

येथे लळा आणि दया यांत अंतर करावे लागते. व्यवहारात हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. लळ्याचा विषय आपले सुख असतो: पिलाचा मऊपणा, त्याचे अंगाशी बिलगणे. दयेचा विषय समोरच्याचे दुःख असतो. लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वांस ठाऊक आहे. पारध्यांनी आणि त्यांच्या कुत्र्यांनी पिटाळलेला ससा सर्वज्ञांच्या जानूखाली येऊन दडला. पारधी मागू लागले, आणि शरण आलेल्याला देता येत नाही म्हणून स्वामींनी त्याला दिले नाही. आपण येथवर सांगतो आणि थांबतो. पुढे काय झाले, याकडे लक्ष द्यावे. भय टळल्यावर स्वामींनी त्याला जाऊ दिले. ठेवून घेतले नाही, कोणा भक्ताच्या हाती खेळावयास दिले नाही. इतक्या निकट आलेल्या जीवाविषयीही रक्षण होते, स्वामित्व नव्हते. दया आपले काम झाले की हात मोकळा करते. लळा हात मिटून धरतो.

यावर कोणी साधक एक आक्षेप घेईल, आणि तो विचारार्ह आहे. तो म्हणेल: आपला मार्ग तर संबंधत्यागाचा. माय-लेकरांचा पाश हा मोहच. अनुसरण घेणारा घरदार, माता-पिता सोडून निघतो आणि त्याची आपण प्रशंसा करतो. मग कुत्री आणि पिलाच्या ताटातुटीत एवढे कष्टी होण्यासारखे काय आहे?

उत्तर असे की त्याग हा ज्याचा त्यानेच करावयाचा असतो. बोध झाल्यावर जो स्वतः सोडतो तो विरक्त. ज्याचे दुसऱ्याने हिरावून नेले तो केवळ लुबाडला गेलेला. चोराने घर धुवून नेले म्हणून घरधनी संन्यासी होत नाही. पशुदेहातील जीवाला तर ज्ञानाचा अधिकारच नाही. त्याला मोह सोडविण्याच्या नावाखाली आपण जे देऊ ते निव्वळ दुःखच असेल. शिवाय निसर्गक्रमात कुत्री स्वतःच वेळेवर पिलांना तोडते. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा दीर्घ अभ्यास केला आहे. सातव्या आठवड्याच्या सुमारास आई पाजण्यास टाळाटाळ करू लागते, पिले पाठलाग करतात, ती उठून जाते, आणि तेराव्या आठवड्यापर्यंत दूध तुटते, असे त्यांना दिसले. म्हणजे वियोगही आहे आणि त्याचा काळही आहे. तो काळ ठरविणारी आई आहे, आपली हौस नाही.

दुसरा आक्षेप कर्माचा. पिलू आपले भोग भोगीत आहे, त्यात आपण काय करणार? हा आक्षेप ऐकला की मला नेहमी वाटते, भोग दुसऱ्याचा असतो तेव्हाच तो आपल्याला इतका सहज आठवतो. त्याचा भोग त्याचा असेल. त्याला निमित्त होण्याचे कर्म मात्र आपले नवे असते.

तिसरा आक्षेप दयाळू माणसाचा आहे आणि सर्वांत बळकट आहे. वर सांगितलेल्या संस्थेतील मनाबी पॉल आणि सहकारी यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३६४ पिलांची नोंद ठेवली होती. त्यांपैकी सात महिन्यांच्या वयापर्यंत जेमतेम १९ टक्केच जगली. रस्त्यावर पाचांतील चार मरणारच असतील, तर एखादे लवकर उचलून आणणे हे रक्षणच नव्हे काय? पण त्याच अभ्यासात असेही आढळले की मृत्यूंपैकी ६३ टक्के माणसांच्या प्रभावाने घडले होते. आपणच ज्या संकटाचे कारण आहोत, त्यातून सोडविण्याचे श्रेय घेताना थोडे संकोचावे हे बरे. आणि खरोखर वाचवावयाचेच असेल तर एक पिलू आईपासून काढण्याऐवजी त्या आईलाच पिलांसह दोन महिने सांभाळावे. तिला रोज दोन भाकरी आणि ताकाचे पाणी अधिक लागेल. गोठ्याचा एक कोपरा, गोणपाट आणि वाऱ्याला आडोसा लागेल. एका पिलाच्या रक्षणाला जेवढे कष्ट, त्याहून फार अधिक नाहीत. वाचतात मात्र सहा.

कुत्रे पाळूच नये असे येथे म्हणावयाचे नाही. राखणीला कुत्रे लागते, आणि मनुष्य व श्वान यांचा सहवास फार प्राचीन आहे. भारत सरकारने २०१७ साली केलेल्या श्वान प्रजनन व विक्रीच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतील पिलू विकण्यास मनाई आहे. हा नियम विकणाऱ्यांना आहे. गोठ्यातले पिलू फुकट देणाऱ्या-घेणाऱ्याला तो विचारीत नाही. ज्याला नियम विचारीत नाही त्याला धर्माने विचारावे, आणि मर्यादा तीच धरावी: दोन महिने पुरे होईपर्यंत पिलू हलवू नये. लहानपणी न आणल्यास ते माणसाळणार नाही ही भीती अनाठायी आहे. माणसाची सवय लागण्यासाठी आईपासून तोडावे लागत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून, आई बिचकत नसेल तर, तिच्यासमोरच पिलांना रोज थोडा वेळ हाताळावे. ज्याला पिलू न्यायचे आहे त्यानेच येऊन बसावे. दोन-अडीच महिन्यांचे पिलू नव्या घरी उत्तम रुळते. फार उशीर, तीन-चार महिन्यांपलीकडे, मात्र करू नये. तोवर माणूस न पाहिलेले पिलू पुढे बुजरे राहते.

आईच मेली असेल, वाहनाखाली आली असेल, तर गोष्ट निराळी. तेथे वेळेचा विचार संपतो आणि उचलणे हेच कर्तव्य होते. अशा वेळी आधी ऊब, मग अन्न. गार पडलेल्या पिलाच्या तोंडात दूध ओतू नये, ते श्वासात जाते. पाजताना पिलू पालथे ठेवावे, उताणे नव्हे. पाजल्यावर ओल्या मऊ कापसाने त्याचे पोट व गुदद्वार हलके पुसावे. आईच्या जिभेचे काम तेवढे करावेच लागते. भावंडे असतील तर एकत्र ठेवावीत. जवळपास दुसरी व्यालेली कुत्री असेल तर तिच्याकडे एखादे लावून पाहावे, पुष्कळदा ती घेते. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अडचणीत तेथील वैद्यांना विचारण्यास संकोच करू नये.

वेळेवर पिलू नेतानाही एक गोष्ट सोबत न्यावी. आई ज्या गोणपाटावर निजत होती त्याचा एक तुकडा कापून घ्यावा आणि पिलाच्या नव्या जागी अंथरावा. तो काही दिवस धुऊ नये.