शाळेचा निर्णय कोणाचा?

सरकारी शाळेचा कारभार कोणी चालवावा, हा प्रश्न वरवर प्रशासनाचा वाटला तरी मुळात नीतीचा आहे. मूल स्वतःपुरते निर्णय घेऊ शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने दुसरे कोणी ते घेतात. आईबाप, शिक्षक, गाव आणि शासन असे चार दावेदार पुढे येतात. कोणाचा दावा कशाच्या बळावर उभा आहे, हे तपासल्याशिवाय शाळांच्या स्वायत्ततेची चर्चा पोकळ राहते.

विनोबांची भूमिका सर्वांत टोकाची होती. न्यायाधीशाला पगार सरकारी तिजोरीतून मिळतो, तरी तो सरकारविरुद्ध निकाल देऊ शकतो. शिक्षकालाही तेवढेच स्वातंत्र्य हवे, असे ते म्हणत. राज्यकर्त्यांनीच विचारांचा साचा ठरवला, तर त्या राज्यकर्त्यांना प्रश्न विचारणारे नागरिक घडणार कुठून, ही त्यामागची खरी चिंता होती.

याच्या विरुद्ध बाजूला जोतीराव फुले उभे आहेत. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणाचा पैसा स्थानिक मंडळांच्या हाती देण्यास त्यांनी विरोध केला, कारण तिथे पाटील आणि इनामदारच बसणार हे त्यांना दिसत होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनीही गावाला संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर ठरवले. या आक्षेपाकडे जुन्या काळातला म्हणून काणाडोळा करता येत नाही. कोल्हापूर संस्थानात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा १९१९ मध्ये बंद झाल्या त्या शाहू महाराजांच्या हुकुमाने. गावोगाव कौल मागितला असता, तर त्या मुलांना आणखी किती वर्षे वेगळे बसावे लागले असते!

शिक्षण हक्क कायदा, २००९ या दोन्ही बाजू ध्यानात घेऊन लिहिलेला दिसतो. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणात जागा मिळतात. म्हणजे निर्णय गावातच होतो, पण गावातल्या वजनदारांच्या हाती जात नाही, निदान कागदावर.

व्यवहारात काय होते, हे गणवेशाच्या प्रकरणात महाराष्ट्राने पाहिले. समग्र शिक्षा योजनेतून दोन गणवेशांसाठी ६०० रुपये येत आणि समिती गावातल्या किंवा तालुक्यातल्या दुकानातून ते घेई. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून कापडाची खरेदी राज्य पातळीवर गेली. शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी अनेक मुलांच्या अंगावर गणवेश नव्हता. आले त्यांतले कित्येक मापात बसेनात. डिसेंबर २०२४ मध्ये तो अधिकार पुन्हा समित्यांकडे आला. पोराचे माप ज्यांच्या डोळ्यांसमोर असते, त्यांनाच ते कळते.

बीड जिल्ह्यात प्रश्न याहून बिकट आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजूर कारखान्यांकडे निघतात. मुले मागे राहावीत म्हणून शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृह चालवले जाते. काम अगदी योग्य हाती आहे. पण ज्यांच्या मुलांसाठी ते चालते, ते पालक त्या महिन्यांत फडात असतात. जेवण कसे मिळते, हिशेब कसा लिहिला जातो, हे विचारायला ते समितीच्या सभेला येणार कसे? इथे फुल्यांची शंका पुन्हा जिवंत होते: हजर असतो त्याचेच चालते.

तेव्हा सीमारेषा मुलाच्या हक्कापाशी आखावी लागते. प्रवेश, समान वागणूक, शिक्षकांची पुरेशी संख्या या गोष्टी कोणत्याही बहुमताच्या मर्जीवर सोडता येत नाहीत; त्यांची हमी शासनानेच द्यावी. वेळापत्रक, खरेदी, दुरुस्ती, वसतिगृह, शिकवण्याची पद्धत हे शाळेने, शिक्षकांनी आणि पालकांनी ठरवावे. आज मात्र या दुसऱ्या भागातही समितीकडे जबाबदारी जास्त आणि पैसा कमी आहे. कलम २२ नुसार समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि अनुदान त्याच आराखड्याच्या आधारे मिळायचे. प्रत्यक्षात संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर ठरते, शाळेला कशाची गरज आहे यावर नाही. आराखड्याप्रमाणे पैसा देण्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेला कायदा पाळला तरी पुरे.